भूषणचा स्पीड आणि तातेरावांचा आवाज

बुद्धभूषण हे पूर्ण नाव घ्यायला मंठ्यात कुणालाच फुरसत नाही, म्हणून तो सगळ्या गावाचा भूषण. बसस्टँडसमोरच्या गाळ्यांमध्ये त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. वय पस्तीस, अंगानं किरकोळ, बोलायला गोड आणि एका बाबतीत पक्का नादिष्ट. नाद पत्त्यांचा नाही, तंबाखूचा नाही. कॉम्प्युटर पळवायचा. तुम्ही त्याच्याकडे नुसता माऊस बदलायला गेलात, तरी तो तुमचं मशीन चालू करून बघणार, कपाळाला आठ्या घालणार आणि म्हणणार, "हे काय ठिवलंय साहेब? बैलगाडी करून ठिवली याची. बसा, चहा घ्या."

हा नाद त्याला लागला जालन्यात. पॉलिटेक्निक झाल्यावर तीन वर्षं तो एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलच्या वजनकाट्यावर कॉम्प्युटर चालवायला होता. बाहेर ट्रकांची रांग, आत एक म्हातारं मशीन. एक पावती निघायला चार मिनिटं लागायची आणि त्या चार मिनिटांत ड्रायव्हर लोक भूषणच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. भूषणनं स्वतःच्या पगारातून एसएसडी आणून जुन्या फिरत्या हार्डडिस्कच्या जागी त्या मशीनमध्ये घातली. पावती चार सेकंदांत निघायला लागली. ज्या ड्रायव्हरनं आदल्या दिवशी शिव्या घातल्या होत्या त्यानंच केळी आणून दिली. माणसाला आयुष्यात पहिली शाबासकी ज्या गोष्टीवर मिळते, तिला तो जन्मभर चिकटून बसतो. भूषण स्पीडला चिकटला.

पुढं मंठ्यात दुकान टाकल्यावर एसएसडी बसवून देणं हे काही फार मोठं काम राहिलं नाही, ते कुणीही करू लागलं. मग भूषण रात्रंदिवस इंग्रजी व्हिडिओ बघून त्याच्या पुढची विद्या शिकला. ती विद्या बफर कॅशची. गिऱ्हाइकाला तो ती लग्नातल्या आचाऱ्यावरून समजावून सांगायचा. एसएसडी म्हणजे कोठी. जुन्या फिरत्या हार्डडिस्कपेक्षा ही कोठी कितीतरी जवळ, पण तरी कोठीच, उठून जावं लागतं. हुशार आचारी मीठ-तिखटासाठी दर वेळी कोठीत पळत नाही, लागेल ते हाताशी परातीत काढून ठेवतो. ही परात म्हणजे रॅममधली राखीव जागा. वाचायचं असेल तर आधी परातीत बघायचं. आणि लिहायचं असेल, म्हणजे नवा माल आला, तर तोही परातीतच ठेवून घ्यायचा, आणणाऱ्याला 'कोठीत लागला' असं सांगून मोकळं करायचं आणि सवडीनं एकदम आत नेऊन लावायचा. काम भराभर होतं, कोठीचं दार सारखं उघडत नाही, एसएसडीची झीजही कमी होते.

"अन् लाईट गेली तर?" असं एखादा मास्तर विचारायचाच.

"तर परातीतला माल गेला," भूषण मोकळेपणानं सांगायचा. "म्हणून ज्याच्याकडं इन्व्हर्टर न्हाई त्याला मी हे बसवूनच देत न्हाई. अन् बसवलं तरी दर दहा सेकंदाला माल आत उतरवायला लावतो. बिलकुल टेन्शन न्हाई."

हे तो सांगायचा ते खरंच होतं. दुसऱ्याच्या मशीनच्या बाबतीत तो फार जबाबदार माणूस होता. स्वतःच्या मशीनवर मात्र त्यानं दहा सेकंदांचं बंधन काढून टाकलं होतं. परात भरेपर्यंत किंवा मशीन बंद करेपर्यंत आत काही उतरवायचंच नाही, असं त्यानं लावून ठेवलं होतं. कारण काय? तर दुकानात आलेल्या माणसाला स्पीड मोजायचा प्रोग्राम चालवून दाखवायचा आणि काटा शेवटाला टेकलेला बघून त्याचं तोंड उघडं राहिलेलं बघायचं. पाठीशी इन्व्हर्टर होता, त्याला मोठी बॅटरी होती. कसली भीती?

आता तातेराव. तातेराव भूषणचे सख्खे कुणी नव्हते, पण एकाच गल्लीत, एकाच विहारात वाढलेल्या पोराला ते काकाच होते. मंठ्यात एकतीस वर्षं गाडीवर भोंगा बांधून जाहिरात करणारा माणूस म्हणजे तातेराव. आधी सायकल होती, मग रिक्षा आली, आवाज तोच. त्या आवाजाला गोड म्हणता येणार नाही. तो पिठाच्या गिरणीच्या घरघरीतूनही कानापर्यंत पोचायचा, एवढंच. 'मंठा शहरातील तमाम बंधू आणि भगिनींनो' हे ते इतक्या तऱ्हांनी म्हणायचे, की पुढचं ऐकायच्या आधीच बायकांना कळायचं, नळाची खबर आहे, साड्यांच्या सेलची आहे, की कुणी गेलं. कुणाचं पोर बाजारात हरवलं तर आई पोलिसांकडे जायच्या आधी तातेरावांकडे जायची. त्यांनी आयुष्यात कधी कागद बघून जाहिरात केली नाही. मजकूर एकदा ऐकायचे, मान हलवायचे आणि रिक्षा काढायचे.

असा हा आवाज कुणी कधी भरून ठेवला नव्हता. रोज फुकट कानावर पडणारी गोष्ट कोण साठवतो? त्यांच्या घरातसुद्धा त्यांच्या आवाजाचा एक धड व्हिडिओ नव्हता.

दिवाळीनंतर तातेरावांचा घसा बसला. बसला तो उठेना. जालन्याच्या डॉक्टरांनी संभाजीनगरला पाठवलं, तिथं दुर्बीण घालून बघितलं, तुकडा तपासला आणि जानेवारीत सांगितलं, की स्वरयंत्रच काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. गळ्याला भोक पडेल, श्वास तिथून घ्यायचा. फेब्रुवारीतली तारीख मिळाली.

तातेराव दुकानात येऊन भूषणसमोरच्या स्टुलावर बसले. आवाज घोगरा झाला होता, मधे फाटत होता, पण होता त्यांचाच.

"भूषण, माझा आवाज तुझ्या डब्यात भरून ठिव," ते म्हणाले. "मंग डॉक्टरला काय कापायचं ते कापू दे."

भूषणनं तिथल्या तिथं सगळी आखणी केली. हेही त्याच्या हुशारीचंच काम होतं. नेहमीच्या जाहिराती तर भरायच्याच, पण त्याशिवाय एक ते शंभर आकडे, वार, महिने, सकाळी-संध्याकाळी, तालुक्यातल्या गावांची नावं, तळणी, हेलस, केंधळी, सगळं सुटं सुटं बोलून घ्यायचं. पुढं नवी जाहिरात आली की भूषण तुकडे जोडून देईल. तातेराव रिक्षा चालवतील, भोंग्यातून त्यांचाच आवाज निघेल. धंदा बंद पडणार नाही आणि गावाला फरक कळणार नाही. भूषणनं जालन्याहून खास चांगला माईक आणला.

आणि एक गोष्ट तातेरावांना स्वतःसाठी भरायची होती. त्यांची एकुलती लेक मोनाली जालन्याला एका बियाणं कंपनीत उगवण तपासायचं काम करते. तिचं लग्न ठरलं होतं, अंकुशनगरच्या साखर कारखान्यावरच्या मुलाशी, तारीख मे महिन्यातली. तातेरावांनी गावातल्या कमीत कमी चारशे लग्नांत माईकवरून वधू-वरांचं स्वागत केलं होतं, पाहुण्यांना नावानिशी पुढं बोलावलं होतं, लेक निघताना दोन शब्द बोलून अख्खा मांडव रडवला होता. आता स्वतःच्या लेकीच्या वेळी ते मुके असणार होते.

"तिच्यासाठी दोन शब्द आधीच बोलून ठिवतो," ते म्हणाले. "लग्नाच्या दिवशी तू लाव. तवर तिला ऐकवू नको."

जायच्या आठवड्यात एक लहानसं विघ्न आलं. रिक्षातल्या भोंग्याची बॅटरी बसली. बाजाराचा दिवस जवळ आलेला, तातेरावांना शेवटची एक फेरी स्वतःच्या तोंडानं मारायची होती, आणि दवाखान्याच्या खर्चात नवी बॅटरी कुठून आणणार? भूषणनं क्षणभरही विचार केला नाही. दुकानातल्या इन्व्हर्टरच्या वायरी सोडल्या आणि बॅटरी उचलून रिक्षात ठेवली.

"घिऊन जा काका. लाईट चार दिवसांपासून गेली न्हाई. तुम्ही जाऊन या, मंग बघू."

एवढ्या मायेनं केलेली गोष्ट होती ती. त्या मायेच्या भरात आपल्या मशीनवर आपणच काय लावून ठेवलंय, हे त्याला आठवलं नाही.

ठरल्या दिवशी सकाळी नवाला तातेराव, त्यांची बायको प्रभावतीबाई आणि मोनाली दुकानात आली. एसटी दुपारी चारची होती. भूषणनं शटर अर्धं खाली ओढलं, पंखा बंद केला, खिडकीला गोधडी लावली. तातेरावांच्या तोंडात ज्येष्ठमधाचा तुकडा होता आणि शेजारी कोमट पाण्याचा थर्मास. वीस मिनिटं बोलायचे, दहा मिनिटं थांबायचे. आकडे झाले, वार झाले, गावं झाली. पोलिओचा डोस, नळाला उद्या पाणी येणार नाही, अमुक यांना देवाज्ञा आणि अमुक यांचं दुःखद निधन, दोन्ही तऱ्हा, कारण गाव दोन्ही तऱ्हांचं आहे. हरवलेल्या पोराची जाहिरात म्हणताना त्यांनी पोराच्या अंगातल्या शर्टाचे सहा रंग वेगवेगळे म्हणून ठेवले. "कोणत्या रंगाचा हरवल, काय सांगावं," असं म्हणून ते हसले आणि खोकले.

भूषण दर जाहिरातीनंतर सेव्ह दाबत होता. पडद्यावर 'सेव्ह झालं' असं येत होतं. फाइल दिसत होती, लावली तर वाजत होती. सगळं होतं, फक्त परातीत होतं.

प्रभावतीबाईंनी एकदा विचारलं, "हे समदं उतरलं का रे बाबा नीट?"

"बराबर उतरलं काकू."

मोनालीनं पर्समधून पेनड्राईव्ह काढला. "दादा, यात घेऊ का लगेच? नाहीतर मी मोबाईलवर पण भरत राहते."

भूषण हसला. त्या हसण्याचं त्याला आजही वाईट वाटतं. "मोबाईलमधी रस्त्याचा कालवा येतो सगळा. अन् कच्चा माल काय नेतेस? तुम्ही निघायच्या आत एकदम साफ करून देतो." पेनड्राईव्हमध्ये घ्यायला त्याला एक मिनिट लागलं असतं.

बारा वाजून गेल्यावर तातेरावांनी बायको आणि लेकीला बाहेर बसायला सांगितलं. चष्मा काढून ठेवला. माईक जवळ ओढला आणि ते मोनालीसाठी बोलू लागले. खोलीत दोघंच होते, तातेराव आणि कानाला हेडफोन लावून पडद्यासमोर बसलेला भूषण. सहा-सात मिनिटं ते बोलले. संपल्यावर तोंडावरून हात फिरवला, चष्मा लावला आणि विचारलं, "आलं?"

"आलं काका. मस्त आलं."

सव्वा वाजता सगळे जेवायला घरी गेले, रिक्षातूनच. भूषणनं शटर वर केलं, पंखा लावला आणि डबा उघडला. एक वाजून पस्तीस मिनिटांनी लाईट गेली.

पंखा हळू होत थांबला, पडदा काळा झाला. भूषणच्या हातात घास होता. पहिले चार-पाच सेकंद त्याला काहीच वाटलं नाही, इन्व्हर्टर सुरू होईल म्हणून तो वाट बघत राहिला. मग त्याची नजर कोपऱ्यात गेली. दोन वायरी नुसत्या लोंबत होत्या.

लाईट वीस मिनिटांत आली. मशीन सुरू झालं, नेहमीपेक्षाही चटकन. भूषणनं सकाळी केलेला फोल्डर शोधला. फाइल खराब झाली असती, अर्धी राहिली असती, तर गोष्ट वेगळी. तिथं फोल्डरच नव्हता. एसएसडीच्या हिशेबानं आज सकाळी या दुकानात कुणी बोललंच नव्हतं.

तेव्हा दोन वाजले होते. या दोन वाजण्यावर ही सगळी गोष्ट अडली आहे, म्हणून सांगतो. एसटी चारला होती. तातेराव पाव किलोमीटरवर, आपल्या घरी, पिशवी भरत होते, आणि त्यांचा आवाज अजून त्यांच्या गळ्यात होता. भूषण तसाच उठून पळत गेला असता, पाया पडून म्हणाला असता की काका, घात झाला, परत बोला, तर चार तासांचं नसतं झालं, पण अर्ध्या तासाचं झालं असतं. मोबाईलवर झालं असतं. निदान मोनालीसाठीचं झालं असतं.

भूषण उठला नाही. त्यानं गेलेला डेटा परत काढायचे प्रोग्राम लावले. एक लावला, दुसरा लावला, तिसरा उतरवून घेतला. जी गोष्ट एसएसडीपर्यंत पोचलीच नाही ती एसएसडीत सापडणार कशी, हे मंठ्यात कुणाला कळत नसेल, पण त्याला कळत होतं. इतकी वर्षं गिऱ्हाइकांना आचारी आणि परात सांगणारा तोच होता. तरी तो टक्क्यांचे आकडे पुढं सरकताना बघत बसला. कारण पळत जायचं म्हणजे 'माझ्यामुळं गेलं' असं तोंडानं म्हणावं लागणार होतं, आणि गावात आजवर भूषणकडून कुणाचं काही गेलं नव्हतं.

साडेतीनला तातेरावांची मंडळी समोर स्टँडवर आली. मोनाली रस्ता ओलांडून दुकानात डोकावली.

"दादा, झालं का साफ?"

"चालू आहे," भूषण मान वर न करता म्हणाला.

एसटी लागायला उशीर झाला. सव्वाचारपर्यंत तातेराव स्टँडच्या बाकावर बसून होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत होते. जो तो थांबत होता, काळजी घ्या म्हणत होता आणि ते प्रत्येकाला दोन शब्द उत्तर देत होते. तो आवाज रस्ता ओलांडून दुकानात येत होता. मोबाईल भूषणच्या वरच्या खिशात होता. एसटीत चढताना तातेराव वळले आणि भोंग्यावर ओरडायच्या सवयीनं ओरडले, "भूषण, सांभाळ रे बाबा!" भूषणनं हात हलवला. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेशन झालं.

त्यानंतरचे बावीस दिवस त्यानं कसे काढले ते त्यालाच माहीत. मोनालीचा फोन आला की तो तब्येत विचारायचा, बाकी विषय निघू द्यायचा नाही. "अप्पा खुणेनं विचारतायत, गावात कुणाला ऐकवलं का म्हणून," असं ती एकदा म्हणाली. "यायच्या आत न्हाई ऐकवत," असं तो म्हणाला आणि फोन ठेवून मागच्या मोरीत जाऊन तोंड धुतलं.

तातेराव आले, ते घरी न जाता आधी दुकानातच आले. गळ्याला पांढरी जाळीची पट्टी, हातात लहान मुलांची पाटी. बरोबर प्रभावतीबाई. स्टुलावर बसून त्यांनी कॉम्प्युटरकडे बोट केलं आणि भूषणकडे बघून हसले. ऐकव म्हणत होते.

भूषणनं शटर खाली ओढलं आणि सांगितलं. लाईट गेली, सगळं गेलं, एक शब्द राहिला नाही.

प्रभावतीबाई मटकन खाली बसल्या. तातेरावांनी पाटी मांडीवर घेतली. मग त्यांनी पाटीवर लिहिलं. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, हळूहळू लिहीत होते. 'बॅटरी माझ्याकडं होती.'

इथं भूषण सुटू शकत होता. लाईटला दोष, बॅटरीला दोष, नशिबाला दोष, आणि काका स्वतः अंगावर घेत होते. एवढं मात्र त्याच्या बाजूनं सांगायला हवं, की तो तसा सुटला नाही.

"बॅटरीचं न्हाई काका. गावात दहादा लाईट जाती, कुणाचं सगळं जात न्हाई, शेवटचं एखादं मिनिट जातं. मी माझ्या मशीनला माल आत उतरवूच दिला न्हवता. स्पीडसाठी. लोकांना दाखवायसाठी. मोनानं पेनड्राईव्ह दिल्ता, तो बी मी घेतला न्हाई."

तातेरावांना त्यातलं कितीसं कळलं कोण जाणे. त्यांनी पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं. 'तुला कवा कळलं?'

भूषणनं पाटी वाचली. "दोनला," तो म्हणाला.

तातेरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग बाहेर, समोरच्या स्टँडच्या बाकाकडे बघितलं. पाटी पुसली आणि काखेत धरली. त्यावर पुन्हा काही लिहिलं नाही. बायकोला खूण केली, उठले आणि दोघं निघून गेली. शिव्या दिल्या असत्या, हात उगारला असता, तर भूषणला झोप तरी लागली असती.

दुसऱ्या दिवशी इन्व्हर्टरची बॅटरी हातगाड्यावरून परत आली.

भूषणनं स्वतःच्या मशीनवरचा तो प्रोग्राम काढून टाकला. नंतर महिनाभर गावभर फिरून, ज्यांच्या ज्यांच्याकडे बसवला होता त्या सगळ्यांच्या मशीनवरचाही काढला. प्रत्येकाला सांगितलं, की आता जरा हळू चालेल. एकाही गिऱ्हाइकानं तक्रार केली नाही. ज्या स्पीडसाठी त्यानं इतकी वर्षं डोळे फोडले तो गेल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. हे त्याला फार लागलं. त्या दिवशी आवाज भरायला तर स्पीड लागतच नव्हता. माणूस बोलतो त्याच्या हजारपट वेगानं साधी एसएसडी लिहिते.

तातेरावांनी रिक्षा विकली नाही, पण भोंगा उतरवला. ते आता शाळेची पोरं सोडतात. जाहिराती लोक मोबाईलमधल्या यंत्राच्या बाईकडून करून घेतात. ती बाई निधनाची खबर आणि साड्यांचा सेल एकाच सुरात सांगते, गावाला शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं.

मोनालीचं लग्न मे महिन्यात, विहाराशेजारच्या सभागृहात झालं. आवाजाची व्यवस्था बघायला भूषणला बोलवावं की नाही, यावर घरात काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण प्रभावतीबाई स्वतः दुकानात येऊन सांगून गेल्या. भूषण सकाळी सातपासून वायरी ओढत होता. पाहुण्यांची नावं त्यानं कागदावर लिहून आणली होती आणि अडखळत, एक-दोन आडनावं चुकवत, तोच माईकवरून बोलावत होता. लोक ऐकून घेत होते. तातेराव पांढऱ्या सदऱ्यात दारापाशी उभे राहून प्रत्येकाला हात जोडत होते.

वंदना झाली, पंचशील झालं, वधू-वरांनी एकमेकांना हार घातले. टाळ्या थांबल्या तसे तातेराव मंचावर चढले आणि माईकपाशी गेले. एकतीस वर्षांची सवय असेल, त्यांनी माईकवर बोटानं दोनदा टकटक केलं. सगळं सभागृह गप्प झालं. मागं वाढणारी पोरंसुद्धा हातात बादल्या घेऊन थांबली. तातेरावांनी समोर बघितलं, गळ्याच्या पट्टीवर हात ठेवला आणि मान खाली घालून मंचावरून उतरले. कुणीतरी घाईघाईनं 'जय भीम' म्हटलं, सगळ्यांनी साथ दिली आणि जेवणाच्या पंगती बसल्या.

जेवणं उरकल्यावर, निघायच्या आधी, मोनाली मिक्सरच्या टेबलापाशी आली. पांढरी साडी, डोळे सुजलेले. भूषण उभा राहिला. तिनं आजवर त्याला एका शब्दानं बोल लावला नव्हता आणि आताही लावायला आली नव्हती.

"दादा, अप्पांना मी कितीदा म्हटलं, मला काय बोलला होता ते लिहून द्या. ते देत नाहीत. पाटीवर लिहिलं, ते बोलायचं होतं, लिहायचं नव्हतं. त्या दिवशी खोलीत तुम्ही एकटेच होता. हेडफोन तुमच्या कानाला होते. मला शब्द न् शब्द नको. आठवतंय तसं सांगा."

भूषणनं डोळे मिटले. त्याला थर्मास आठवला. गोधडी आठवली. काकांनी चष्मा काढून टेबलावर उलटा ठेवला, तो आठवला. आणि पडद्याच्या कोपऱ्यातली ती हिरवी पट्टी आठवली, 'उतरवायचा बाकी' असं लिहिलेली. सकाळपासून ती वाढत होती, एसएसडीला अजून हातही लागलेला नव्हता, आणि बॅटरी रिक्षात आहे हे विसरून ती सहा-सात मिनिटं तो त्या पट्टीकडे बघून मनातल्या मनात खूश होत होता. कानात तातेरावांचा आवाज येत होता. आवाज चांगला येतोय, एवढंच त्यानं ऐकलं होतं.

काहीतरी सांगता आलं असतं. लेकीला बाप काय सांगतो, ते कुणालाही ठाऊक असतं. सुखात राहा, आईला फोन करत जा, शिकलीस तशी पुढं जा. तिनं ते खरं मानलं असतं आणि जन्मभर जपलं असतं.

"मोना," तो म्हणाला, "मी ऐकलंच न्हाई गं. मी स्क्रीनकडं बघून राह्यल्तो."

बाहेर गाडी लागली होती, बायका तिला हाका मारत होत्या. तिनं पदर सारखा केला, दोन पावलं गेली आणि परत वळली.

"रडले होते का ते?"

"न्हाई," भूषण म्हणाला. हे त्याला नक्की आठवत होतं. "एकदा हसले होते. बोलता बोलता मधीच. चांगले खळखळून हसले होते."

मोनालीचा चेहरा एकदम उजळला. "कशाला हसले, दादा?"